उलाळ गाडी आणि साताऱ्यातले पाच मुक्काम

"ताई, ह्यो ट्रक बी न्हाय आन् मोटार बी न्हाय. ह्यो वाडा हाय, वाडा. वाडा कुटं पाट्यावर उभा ऱ्हातो व्हय?"

आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, आमच्या गाडीखाली उताणा पडलेला मिस्त्री हे बोलला आणि मला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. त्यानं दीड वर्ष खपून तो वाडा बांधला होता.

पाटे म्हणजे चाकांच्या वर गाडीचं वजन झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या. आणि वाडा म्हणजे मुळात सेकंडहँड मिनीबस. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याची बातमी नवऱ्यानं कापून फ्रिजवर चिकटवली होती. निवृत्तीचे पैसे हातात आले आणि महिन्याभरात मिनीबस दारात. आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, दोन बाक, लहानसा फ्रिज, छतावर सोलर, बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि कपाटाएवढ्या खोक्यात संडास. चिंचवडला आमच्या सोसायटीतले लोक रविवारी चहा घेऊन ती बघायला यायचे. माझी अट एकच होती, पाण्याची. कुठल्या ढाब्यावर बादली घेऊन मी उभी राहणार नाही. त्याचा बेत साठ लिटरच्या टाकीचा होता; माझ्या हट्टानं ती दोनशेची झाली. दोनशेची टाकी मावेल अशी जागा एकच उरली होती, मागच्या पलंगाखाली, पार डिकीच्या दाराला टेकून. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्या टाकीनं केलं.

बेत बदामी आणि हंपीचा होता. सप्टेंबरअखेरचा सोमवार, भाद्रपदातलं कोवळं ऊन, खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत का होईना पण चढून झालेला. टोलनाक्याच्या आधी रस्त्यावर आडव्या पट्ट्या येतात, त्यावरून धडधडत जाताना मागून आवाज आला. 'खाड्'. पलंगाची फळी मोडावी तसा. मला खरंच वाटलं फळीच मोडली. खाली उतरून पाहिलं तर गाडी डाव्या बाजूला मागून बसली होती, दमलेली म्हैस बसते तशी, आणि टायर नि बॉडी यांच्यात बोट शिरेल एवढीच जागा होती.

जवळच्या ढाबेवाल्यानं मिस्त्रीचा नंबर दिला. तो पाऊण तासात मोटारसायकलवर आला, मागे एक पोरगा आणि पोराच्या मांडीवर जॅक. गाडीखाली शिरला, वाड्याचं ते वाक्य बोलला आणि मग विचारलं, "टाकीत पाणी हाय का?"

"फुल्ल आहे," मी अभिमानानं सांगितलं.

"सोडा."

घरच्या फिल्टरचं पाणी, मी स्वतः पाइप लावून भरलेलं. नळ उघडला आणि पंधरा-वीस मिनिटं ते चरातून वाहत राहिलं. ढाब्यावरचं एक कुत्रं आलं, मनसोक्त प्यायलं आणि ओलाव्यातच बसलं. पाणी गेल्यावर गाडी मागून दोन बोटं तरी वर आली असेल. मिस्त्रीनं एक्सल आणि चासी यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घातला, साखळीनं आवळला आणि म्हणाला, "आता ईसच्या म्होरं जायाचं न्हाय." सातारा तिथून पंधरा-सोळा किलोमीटर. आम्हाला तासभर लागला. मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवून आमच्या पूर्वजांचं स्मरण करत गेला. पितृपंधरवडा होता, तेही वेळेवरच झालं म्हणायचं.

गॅरेज एमआयडीसीच्या बाजूला. तिथे चाक काढलं, पाटे एक्सलशी आवळून धरणारे यू बोल्ट सोडवले आणि पाट्यांचा अख्खा जुडगा जमिनीवर आला. सगळ्यात वरचा लांब पाटा, ज्याच्या दोन्ही टोकांना कान असतात तो मेन पाटा, बरोबर मधोमध सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटला होता. मिस्त्रीनं तुकडा फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडाचे दोन रंग होते. एक बाजू तपकिरी, गंजून मखमलीसारखी झालेली. दुसरी चंदेरी, खरबरीत, साखरेच्या दाण्यासारखी चकाकणारी.

"ही चमकती हाय ती आजची," तो बोटानं दाखवत म्हणाला. "ही तांबडी लई दिसांची. आत चीर पडल्याली. तुमी फिरत व्हता आन् पाटा रोज थोडा-थोडा तुटत व्हता."

म्हणजे गणपतीपुळ्याला आम्ही समुद्र बघत बसलो होतो तेव्हाही हा तुटतच होता.

त्या मापाचा मेन पाटा साताऱ्यात मिळेना, पुण्याहून मागवायचा होता. बाकीचे पाटेही बसले होते, म्हणजे त्यांची कमान गेली होती. त्यांना पाटेवाल्या तात्यांकडे न्यायचं. तात्यांचा हाताखालचा माणूस म्हाळासाठी गावी गेलेला. किती दिवस? मिस्त्रीनं आभाळाकडे बघितलं. "बुदवार... बेस्तरवार धरा." मी मनातल्या मनात शनिवार धरला. बायकांना हे हिशेब बरोबर येतात.

शनिवार पेठेत माझी आत्या राहते. वय चौऱ्याहत्तर, एकटी, गुडघे कुरकुरतात पण जीभ नाही. आम्ही दोन पिशव्या घेऊन दारात उभे राहिलो तर म्हणाली, "घर घेऊन फिरताय ना? मग माझ्या घरी कसे?" नवऱ्याला ती जावईबापू म्हणते आणि हा शब्द ती नेहमी जरा लांबवते. रात्री पिठलं-भाकरी झाल्यावर तिनं किल्ली पुढे केली. काकांची मारुती ८००, वीस वर्षं जुनी, आठवड्यातून एकदा शेजारचा मुलगा सुरू करून ठेवतो. "गाडी न्या. पण मी पण येणार. साताऱ्यात राहून कासला जाऊन मला बारा वर्षं झाली."

मंगळवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढायला लागलो. मारुती हलकी, सामान म्हणजे पाण्याची एक बाटली आणि आत्याच्या गुळपोळ्यांचा डबा. खाली अख्खं सातारा, अजिंक्यताऱ्याच्या कुशीत मुरकुटून बसलेलं. नवरा तीन वेळा म्हणाला, "किती हलकी चालतीये." चौथ्यांदा मी खिडकीबाहेर बघायला लागले.

कासचं पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सडा आणि त्यावर बोटभर माती. फुलांचे गालिचे फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके. मंगळवार असल्यामुळे गर्दी बेताची. तिकीट काढून आम्ही पायवाटेनं निघालो, आणि आत्या एका ओल्या खळग्यापाशी खालीच बसली. गुडघ्यांमुळे असेल असं वाटलं, तर नाही, तिला काही दाखवायचं होतं. बोटाच्या पेराएवढ्या निळ्या-जांभळ्या फुलांचा थवा. "सीतेची आसवं," ती म्हणाली. एवढं नाजूक नाव, आणि झाड किडे खाणारं! त्याच्या मुळापाशी पाण्यात बारीक फुगे असतात, त्यात ते किडे ओढून घेतं. पलीकडे दवबिंदू, त्याच्या पानांवर चिकट थेंब. इथल्या मातीत कसच नाही, मग जगायचं कसं, तर असं. साडेआठशेहून जास्त जातींची फुलझाडं या सड्यावर आहेत आणि २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात आहे. जवळच एक कुटुंब फुलांत लेकरू बसवून फोटो काढायला गेलं आणि रखवालदारानं जी शिट्टी फुंकली, ती खाली साताऱ्यात ऐकू गेली असेल. बरं झालं.

पुढे कास तलाव. आत्या काठावर उभी राहिली, पदर सावरला आणि अगदी घरचं काही दाखवावं तसं म्हणाली, "हे आमचं पाणी." साताऱ्यात पाण्यावरून माणसाची पेठ ओळखता येते. जुन्या शहरातल्या बऱ्याच भागाला कासचं पाणी, बाकीच्यांना शहापूर योजनेचं, उरमोडीतून उचललेलं. कासचं पाणी उताराच्या जोरावर आपोआप खाली येतं, त्याला पंप लागत नाही. वीज गेली तरी आत्याचा नळ जात नाही, याचा तिला एवढा अभिमान की जणू तलाव तिनंच खोदला. नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाणी वर ठेवलं की असं असतं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बामणोलीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. शिवसागर काठोकाठ. कोयनेच्या धरणाचं पाणी इतक्या आत, इतक्या खोऱ्यांत शिरलंय की हे धरण नसून डोंगरांनीच पाय पाण्यात सोडलेत असं वाटतं. वासोट्याला पावसाळ्यात जाऊ देत नाहीत, बोटी रिकाम्याच हलत होत्या. आत्यानं इथे गुळपोळी काढली आणि कोयनेचा भूकंप काढला. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. ती सतरा वर्षांची. फडताळातली पितळी भांडी एकामागून एक खाली आली आणि तिची आजी अंधारात ओरडली, "मांजर गं, मांजर!" बाहेर रस्त्यावर सगळी पेठ. आत्या सांगत होती आणि पाणी इतकं स्थिर होतं की समोरचा डोंगर उलटा, झाडांसकट, त्यात दिसत होता.

संध्याकाळी मिस्त्रीचा फोन. पाटा निघालाय पुण्याहून.

बुधवारी तो आला आणि चुकीचा निघाला. लांबी बरोबर, पण कानाची रुंदी कमी, कानात घालायचं नळकांडं, बुश, बसेना. ज्या दुकानातून आला तिथला माणूस फोनवर म्हणत होता, "तुम्ही सांगितलं तेच पाठवलंय." मिस्त्री म्हणत होता, "म्या कानाचं माप तीनदा सांगितलं." नवरा मध्ये पडून दोघांना इंचाचे मिलिमीटर करून देत होता. मी रस्त्यापलीकडे चहा प्यायले. या असल्या भांडणांत बरोबर कोण हे कधीच ठरत नाही, फक्त पार्सल परत जातं.

त्या दिवशी आत्याकडे काकांचा म्हाळ होता. अळूची भाजी, वडे, खीर, आमसुलाची चटणी. जेवताना तिनं शंका काढली की पितृपंधरवड्यात नवी वस्तू घ्यावी का. नवऱ्यानं थेट मिस्त्रीलाच फोन लावला. उत्तर आलं, "पाटा नवी वस्तू न्हाय, दुरुस्ती हाय." आत्याला पटलं. मग स्वतःच म्हणाली, "पाटा मोडलाय तर पाटेश्वराला जाऊन या. गॅरेजवरूनच वाट आहे."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण पाटेश्वर खरंच आहे, एमआयडीसीच्या मागच्या डोंगरावर, देगावच्या बाजूनं. गाडी काही अंतरापर्यंत जाते, पुढे चढण. माथ्याजवळ गेल्यावर एकदम गर्द झाडी आणि त्यात दगडी बांधणीची पुष्करणी, पाण्यावर कमळाची पानं. पायऱ्या चढून देवळात गेलो. देवळाच्या पलीकडे कातळात कोरलेल्या खोल्या, आणि त्यात शिवलिंगं. किती? मी मोजायला घेतली आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिली. मोठी, हातभर, लहान, अंगठ्याएवढी, ओळीनं, भिंतीत, कोनाड्यात. एक लिंग असं की त्याच्या अंगावर बारीक लिंगांच्या ओळीच्या ओळी, कणसाला दाणे असावेत तशा. कोणी नव्हतं. एक पुजारी लांब झाडाखाली मोबाइल बघत बसला होता. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता आणि खालून, एमआयडीसीतून, कसल्याशा प्रेसचा ठोका. मी साताऱ्यावरून किती वेळा गेले असेन, कोल्हापूरला, गोव्याला, लग्नांना. हे ठिकाण मला पाटा मोडल्यावाचून कळलं नसतं, आणि कळल्याचा आनंद मानावा की आत्तापर्यंत न कळल्याची लाज वाटून घ्यावी, हे उतरेपर्यंत ठरलं नाही.

गुरुवार मी भराभर सांगते, कारण त्या दिवशी आम्हीही भराभरच फिरलो. सज्जनगडाच्या पायऱ्या आत्या एका दमात नाही पण एका हट्टात चढली. समर्थांची समाधी, वर राममंदिर, आणि मला आवडलेलं अंगलाईचं साधं देऊळ. ही देवी समर्थांना अंगापूरच्या डोहात, कृष्णेच्या पात्रात सापडली असं सांगतात. दुपारी प्रसादाला आमटी-भात आणि खीर. ती आमटी तशी घरी होत नाही, कितीही मसाले घाला. खाली उरमोडीचं पाणी पसरलेलं. मग ठोसेघरचा धबधबा, ज्याचा आवाज आधी येतो आणि दर्शन नंतर, आणि त्यापुढे चाळकेवाडीचा सडा, पवनचक्क्यांचा. एवढा वारा की मारुतीचं दार दोघांनी मिळून लावावं लागलं. नवरा एका पवनचक्कीच्या बुडाशी उभा राहून मान मोडेपर्यंत वर बघत होता आणि आमच्या छतावरच्या सोलरला हिणवत होता. पात्यांच्या सावल्या गवतावरून फिरत होत्या आणि त्यांच्याखाली गाई शांतपणे चरत होत्या. त्यांना सवय झालेली. आत्या गाडीतच बसली. "वारा खायला पण वय लागतं," म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बरोबर पाटा आला. मी जाऊन कान मोजला. हो, मीच.

तात्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि बाहेर मोडक्या पाट्यांचा ढीग, केळ्यांच्या घडासारखा. तात्या सत्तरीचे असावेत. पांढरी टोपी, एका कानात बारीक बाळी, दंड अजून लाकडासारखे. त्यांनी आमचे पाटे एकेक करून जमिनीवर मांडले. मग नव्या मेन पाट्यावरून खडूनं फरशीवर कमान काढली. प्रत्येक पाटा त्या रेघेशी लावून बघायचा, मग ऐरणीवर आडवा धरायचा आणि घणाचा ठोका. भट्टी नाही. पाटा थंडच. ठोक्यागणिक बोटभर पुढे सरकवायचा, पुन्हा ठोका. पोरगा घण मारत होता, तात्या फक्त पाटा धरून सरकवत होते आणि ऐकत होते. ठोक्याचा आवाज सुरुवातीला बद्द येत होता. पाट्याला वाक येत गेला तसा तो चढत गेला, टणक होत गेला. एका ठोक्याला तात्यांनी हात वर केला. पाटा खडूच्या रेघेवर ठेवला. रेघ झाकली गेली.

"वेल्डिंग करून चाललं असतं का तुटलेला?" नवऱ्यानं विचारलं. मला माहीत होतं की हे विचारायचं नसतं.

"पाट्याला वेल्डिंग?" तात्यांनी प्रश्न नुसता परत केला. मिस्त्री हसला. वेल्डिंगच्या आचेनं पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कणखरपणा, उतरतं आणि तो तिथेच पुन्हा कडकन मोडतो, हे त्यानं नंतर समजावून सांगितलं.

मग नवऱ्याची दुसरी मागणी: दोन पाटे जास्तीचे टाका. तात्या म्हणाले, एक टाकतो, दुसरा नाही. पाटे वाढवले की गाडी कडक होते, खड्ड्याचा सगळा दणका चासीला बसतो, आणि मग पाट्याऐवजी चासी तडकते. "आन् तुमची भांडी नाचत्याल," मिस्त्रीनं भर घातली. तात्यांनी गाडीच्या मागे जाऊन डिकी उघडली, पलंगाखालची टाकी बघितली, तिच्यावर बोटानं टकटक केलं.

"गाडी उलाळ हाय तुमची," ते म्हणाले.

हा शब्द मी आजोळी ऐकला होता, चाळीस वर्षांपूर्वी. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की धुरा वर उचलली जाते, जू बैलाच्या मानेवरून सुटतं आणि गळ्याला फास लागतो. ती गाडी उलाळ. पुढे जास्त झालं तर धुरजड, मग बैलाच्या मानेवर ओझं. गाडीवान भरताना अधूनमधून धुरा हातानं उचलून बघायचे. आमच्या गाडीला बैल नव्हते, पण खंबाटकी चढताना स्टिअरिंग हलकं-हलकं लागत होतं हे नवऱ्याला आत्ता आठवलं.

पटलं मात्र नाही. "दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. पूर्वी हीच गाडी सतरा माणसं नेत होती!"

"भुईकाट्यावर घाला," तात्या म्हणाले आणि पुढच्या ट्रकच्या पाट्यांकडे वळले.

गाडी जोडायला संध्याकाळपर्यंत वेळ होता, म्हणून आत्यानं आम्हाला लिंबला पिटाळलं. आमची गाडी मोडली त्या जागेपासून ही बारा मोटेची विहीर जवळच आहे, आणि सोमवारी आम्ही तासभर रस्त्याकडेला उन्हात उभे होतो! शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधली. वरून बघितलं तर अष्टकोन आणि त्याला जोडलेला लांब चौकोन, महादेवाच्या पिंडीसारखा आकार. सुमारे ११० फूट खोल. जिना उतरून आत गेलं की दोन विहिरींच्या मध्ये चक्क महाल, खांबांवर कोरीव गणपती, हत्ती, घोडे. आत उन्हाळा शिरत नाही. पण मी जास्त वेळ वर थांबले, मोटा लावायच्या जागांपाशी. एका वेळी बारा मोटा चालायच्या. मोटेचे बैल उतारावरून, धावेवरून, खाली चालत जातात. चढाला नाही, उताराला. बैलाचं स्वतःचं वजनच पाणी ओढतं. हे गणित करणाऱ्याला उलाळ शब्द नक्की माहीत असणार. दगडावर दोर घासून पडलेल्या खाचांत मी बोट घालून बघितलं. गुळगुळीत होत्या.

शनिवारी सकाळी एमआयडीसीतल्या भुईकाट्यावर गेलो. केबिनमधला मुलगा उसाच्या हंगामाची वाट बघत कंटाळलेला होता, आमच्यामुळे खूश झाला. टाकी रिकामी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची. पुढे १,३४०, मागे २,३९०. मग शेजारच्या कारखान्याच्या नळाला पाइप लावून टाकी काठोकाठ भरली आणि परत काट्यावर. एकूण वजन दोनशे किलोनं वाढणार, हे तर कुणालाही सांगता आलं असतं. चिठ्ठी आली: मागे २,६४०. पुढे १,२९०.

नवऱ्यानं चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागे खुलासा असेल. दोनशे किलो पाणी भरलं आणि मागच्या चाकांवर अडीचशे वाढले. वरचे पन्नास पुढच्या चाकांवरून उचलले गेले होते. टाकी मागच्या एक्सलच्याही मागे होती, म्हणून तिनं गाडीचं तोंड वर उचललं होतं, सी-सॉवर मागे जाडं पोर बसावं तसं. आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यात, आडव्या पट्ट्यांवर, घाटात काय होत असेल ते त्या तपकिरी डागाला माहीत.

"सतरा माणसं मधे बसायची," मी म्हणाले. तो काही बोलला नाही. मग मीच खाली वाकून टाकीचा नळ सोडला. पोरानं ते पाणी केबिनसमोरच्या तुळशीकडे वळवलं.

तोडगा तूर्तास असा निघाला: मोठ्या टाकीत चाळीस लिटरच्या वर भरायचं नाही, आणि पस्तीस-पस्तीस लिटरचे दोन कॅन ड्रायव्हरच्या सीटमागे पट्ट्यानं बांधायचे. टाकी पुढे आणायचं काम घरी गेल्यावर. त्यासाठी पलंग मोडावा लागणार आहे आणि त्याबद्दल आमचं अजून बोलणं झालेलं नाही. दोन्ही बाजूंचे मेन पाटे, एकेक वाढीव पाटा, बुश, नवे यू बोल्ट, मजुरी, सगळं मिळून १८,७०० रुपये. जुने यू बोल्ट पुन्हा वापरू का, असं नवऱ्यानं विचारलं होतं; मिस्त्रीनं ते उचलून भंगारात टाकले, तेच उत्तर. निघताना त्यानं बजावलं, "पाश्शे किलोमीटरला यू बोल्ट आवळून घ्या. ईसरू नका. नवा पाटा बसतोय, बोल्ट ढिला पडतोय."

आत्याकडे निरोप घ्यायला गेलो तर दारात सामान तयार. कंदी पेढ्यांचे दोन डबे, कोरेगावचा वाघ्या घेवडा, गुळाची ढेप, भाजणी, लोणच्याची बरणी. आणि एक कॅन तिनं आधीच नळाखाली लावून भरला होता. नवरा ढेपेकडे बघत मनात किलो मोजत होता, ते मला दिसत होतं. ढेप पुढे, त्याच्या पायाशी, मीच नेऊन ठेवली.

"कासचं आहे," आत्या कॅनवर हात ठेवून म्हणाली. "हे सोडून देऊ नका कुठे."

कऱ्हाडच्या अलीकडे तासवडे टोलनाका येतो. तिथल्या पट्ट्या लांबून दिसल्या आणि आम्ही दोघं एकदम गप्प झालो. त्यानं गाडी पार दहावर आणली. धड, धड, धड. मागे एकच आवाज झाला. लोणच्याची बरणी कपाटात आडवी झाली होती.

कोल्हापूर, बेळगाव, बदामी. होसपेटमध्ये शिरताना काट्यानं पाचशे ओलांडले. पहिलंच दिसलं त्या गॅरेजपाशी थांबलो. तिथल्या माणसाला मराठी येत नव्हतं, आम्हाला कन्नड येत नव्हतं. नवऱ्यानं गाडीखाली बोट दाखवलं आणि हवेत पाना फिरवला. त्या माणसानं मान हलवली, आत शिरला, लांब दांड्याचा पाना लावला. मी पण वाकून बघत होते. पहिल्या बोल्टला पाऊण आटा बसला.